सामाईक वही : मुलांचा मोबाइल व शिक्षकांचें काम

आमच्या शाळेच्या फाटकाच्या आंत विद्यार्थ्यानें मोबाइल आणूं नये असा नियम आहे, व तो योग्य आहे असेंच आमचें मत आहे. परंतु या नियमानें काय साधतें व काय साधत नाहीं, याचा विचार शिक्षकांनीं व पालकांनीं एकदां शांतपणें करावा, म्हणून हा लेख लिहीत आहों. फाटकापाशीं यंत्र अडवितां येतें. त्या यंत्रावर मुलांनीं जमविलेलें मंडळ अडवितां येत नाहीं. सायंकाळीं दिवेलागणीच्या सुमारास आईचा किंवा वडिलांचा फोन मुलाच्या हातीं येतो आणि नववीचा सबंध वर्ग पुनः भरतो. त्यास घंटा नाहीं, हजेरी नाहीं आणि शिक्षकही नाहीं. तेथें बीजगणिताचीं उत्तरें फिरतात, उद्यां पहिला तास कशाचा याची विचारपूस होते, क्रिकेटची चर्चा होते, एखाद्या मुलाची थट्टा होते, आणि मुळांत कोणीं लिहिला हें कोणासच ठाऊक नसलेला मजकूर दहा जणांकडून पन्नास जणांकडे जातो.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां सर्वत्र शिक्षकांनींच पालकांस विनविलें कीं, मुलांच्या हातीं फोन द्या. घरचा अभ्यास व्हॉट्सॲपवर जाऊं लागला, वह्यांचीं छायाचित्रें त्याच वाटेनें येऊं लागलीं. पुढें शाळा उघडल्या व शिक्षक फळ्याकडे परत आले. मुलें मात्र दोन्हीं ठिकाणीं राहिलीं. त्यांस आतां नुसतें "तें सोडा" असें सांगून तीं तें सोडतील, अशी आशा करणें व्यर्थ होय. आणि त्यांनीं तें सर्वस्वीं सोडावें असें आम्हांस वाटतही नाहीं.

शिक्षकांची पहिली तक्रार नकलेची असते, व ती खरी आहे. एका मुलानें सोडविलेलें उदाहरण रात्रीं नऊ वाजतां मंडळावर येतें, आणि सकाळीं वीस-पंचवीस वह्यांत तेंच उत्तर, त्याच चुकीसह, आमच्या दृष्टीस पडतें. पण एका पालकबाईंनीं आपला फोन आणून आम्हांस दुसरीही एक गोष्ट दाखविली. त्यांच्या मुलीनें दोन चलांतील रेषीय समीकरणें सोडविण्याची रीत आपल्या आवाजांत तीन वेळां समजावून सांगून मंडळावर पाठविली होती. पहिल्यानें सांगितलें तें एका मुलास कळलें नाहीं, म्हणून दुसऱ्यानें, आणि तरीही कळलें नाहीं म्हणून तिसऱ्यानें, आंब्यांचें व पेरूंचें उदाहरण घेऊन. या दोन्हीं कृत्यांस आम्ही शिक्षक एकच शब्द वापरतों, "एकमेकांस सांगितलें." त्या शब्दाखालीं दोघांसही सारखीच शिक्षा होते. वास्तविक त्या मुलीनें केलें तें अध्यापन होय, आणि तें पुष्कळसें बरें अध्यापन होतें.

मग नक्कल कोणती व सहकार्य कोणतें, हें ओळखावें कसें? आमच्या अनुभवांत एक साधी खूण उपयोगी पडली आहे. काम पुरें झाल्यावर त्यांत कोणाचा हात कोठें लागला हें दिसतें कीं पुसलें जातें, हें पाहावें. वीस वह्यांतील एकच उत्तर पाहिलें तर तें मूळ कोणाचें हें सांगतां येत नाहीं. प्रत्येक जण तें आपलें म्हणून पुढें करितो. त्या मुलीच्या तीन निरोपांत मात्र तिचा आवाज आहे, आणि न कळलेल्या मुलाचे प्रश्नही आहेत.

हात पुसला गेला म्हणजे काय होतें, याचें एक भयंकर उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. नववी-दहावीच्या मुलांपासून आम्ही तें लपवीत नाहीं. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें गांव आहे. १ जुलै २०१८ रोजीं, रविवारीं, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजांतील पांच माणसांस मुलें पळविणाऱ्या टोळीचीं माणसें समजून जमावानें तेथें ठार मारिलें. तीं भिक्षा मागून पोट भरणारीं माणसें होतीं. मुलें पळविणारे लोक हिंडत आहेत अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. तो मजकूर प्रथम कोणीं लिहिला हें कळण्याचा मार्ग वाचणाऱ्यापाशीं नव्हता. ज्यानें पाठविला तो मात्र ओळखीचा होता, म्हणून मजकूरही खरा मानला गेला. त्याच महिन्यांत त्या कंपनीनें, पुढें ढकललेल्या निरोपावर तशी खूण दिसावी अशी सोय केली, व भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं ढकलतां येऊं नये अशी मर्यादा घातली. ती मर्यादा २०१९ सालीं जगभर लागू झाली.

हा प्रसंग वर्गांत सांगून झाल्यावर आम्ही मुलांस उपदेश करीत नाहीं. एक काम देतों. घरच्या फोनवर आज आलेला कोणताही एक निरोप घ्यावा आणि तो मागें मागें शोधीत जावें. बहुतेक मुलें दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर अडतात. काकांनीं पाठविला; काकांस कोणीं पाठविला, तें काकांस आठवत नाहीं. एका मुलाच्या आजोबांस हा शोध इतका आवडला कीं, त्यांनीं आपल्या निवृत्त स्नेह्यांच्या मंडळांत आठवडाभर हाच उद्योग चालविला, व त्यांतील दोघांनीं त्यांच्याशीं बोलणें सोडलें, असें ऐकतों.

याच्या अगदीं उलट अशी एक वस्तु त्याच फोनवर आहे, आणि तिचा उपयोग शिक्षकांनीं अजून पुरता केलेला नाहीं. विकिपीडिया हा इंटरनेटवरील ज्ञानकोश जिमी वेल्स व लॅरी सँगर या दोन अमेरिकन गृहस्थांनीं १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू केला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्रदिनीं झाला. "विकी" हा शब्द हवाई बेटांतील भाषेंतला असून त्याचा अर्थ "जलद" असा आहे. वाचणाऱ्यानें तेथल्या तेथें दुरुस्ती करावी असें पहिलें संकेतस्थळ वॉर्ड कनिंगहॅम नांवाच्या संगणकतज्ज्ञानें १९९५ सालीं तयार केलें, तेव्हां त्यास होनोलुलूच्या विमानतळावरील "विकी विकी" नांवाची बसगाडी आठवली, आणि तेंच नांव त्यानें आपल्या रचनेस दिलें.

हा कोश कोणीही बदलूं शकतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवूं नये, एवढें सांगून पुष्कळ शिक्षक मोकळे होतात. त्यामुळें मुलें तो वाचावयाचें थांबत नाहींत. वाचला असें सांगावयाचें तेवढें थांबतात. आम्ही त्याऐवजीं मुलांस लेखाच्या माथ्यावरील दोन दारें उघडावयास लावितों. एकावर "इतिहास" व दुसऱ्यावर "चर्चा" असें लिहिलेलें असतें. इतिहासाच्या पानावर त्या लेखांत आरंभापासून झालेले बदल तारीख, वेळ व करणाऱ्याचें नांव किंवा खूण यांसह ओळीनें नोंदलेले असतात. कोणीं खोडसाळपणा केला तर आधींची प्रत तेथेंच असते, ती परत ठेवितां येते. चर्चेच्या पानावर "हें साल कोठून घेतलें?", "अमक्या ग्रंथांत निराळें दिलें आहे", "मग दोन्हीं द्या" असे वाद चालतात, कधीं कधीं ते फार क्षुद्रही असतात. पण पुस्तकांतलें एक वाक्य छापण्यापूर्वीं कोणकोणत्या भांडणांतून जातें, हें चौदा वर्षांच्या मुलास दाखविण्याची अशी सोय आमच्या लहानपणीं नव्हती.

मिळून ग्रंथ करणें ही गोष्ट नवी नव्हे. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. आजही जुन्या मराठीचा अभ्यास करणारास तो उघडल्यावांचून चालत नाहीं. मुखपृष्ठावर मोल्सवर्थ यांचें व त्यांचे साहाय्यक जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंचें नांव आहे. शब्द जमविण्याचें व पारखण्याचें काम त्यांच्याबरोबर बसून शास्त्रीमंडळींनीं केलें. परंतु मुखपृष्ठावर त्यांस जागा मिळालेली नाहीं, आणि एखादा घरगुती शब्द कोणत्या शास्त्र्यानें कोणत्या मुलखांतून आणिला, हें आज कोश उघडून सांगतां येत नाहीं. त्या थोर कोशास "इतिहासाचें पान" असतें तर मराठीच्या अभ्यासकांवर केवढे उपकार झाले असते!

ही कल्पना मनांत धरून गेल्या वर्षीं आम्हीं नववीच्या वर्गास एक सामाईक वही दिली. ती कागदाची नव्हती. गूगल डॉक्स म्हणून जी सोय आहे, तींत अनेक जणांस आपापल्या जागेवरून एकाच वेळीं एकच लेख लिहितां येतो, आणि कोणत्या घटकेस कोणीं काय लिहिलें व काय खोडलें याची नोंद राहते. ही वही वर्गापुरतीच ठेविली होती. बाहेरच्या कोणास ती उघडतां येत नसे. विषय दिला आमच्या शहराच्या भुईकोट किल्ल्याचा. पहिल्याच ओळीवर वाद झाला. शहराचें नांव २०२४ सालीं अहमदनगर बदलून अहिल्यानगर असें झालें आहे. मग चांदबीबीनें अहिल्यानगरचा किल्ला लढविला असें लिहावयाचें काय? दोन दिवस समासांत दोन्हीं बाजूंचीं मतें जमत गेलीं. शेवटीं मुलांनींच ठरविलें कीं, ज्या काळची हकीकत त्या काळचें नांव लिहावें, व आरंभीं एकदां बदलाचें साल द्यावें. आम्हीं त्यांत एक अक्षरही घातलें नाहीं.

वर्गाचे तीन गट होते. एकाकडे निजामशाही व चांदबीबी, दुसऱ्याकडे १८०३ च्या ऑगस्टांत जनरल वेलस्लीनें शिंद्यांच्या फौजेकडून किल्ला घेतला तो प्रसंग, आणि तिसऱ्याकडे १९४२ सालच्या राजबंद्यांची हकीकत. तिसऱ्या गटाचें काम सर्वांत रंगलें. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस काँग्रेसच्या पुढाऱ्यांस पकडून कार्यकारिणीच्या सभासदांस या किल्ल्यांत आणून ठेविलें. पंडित नेहरू तेथें २८ मार्च १९४५ पर्यंत होते. एका मुलानें वहींत लिहिलें कीं, पंडितजी अडीच वर्षांहून अधिक काळ या किल्ल्यांत "डिस्कव्हरी ऑफ इंडिया" हा ग्रंथ लिहीत होते. वाक्य भारदस्त होतें, म्हणून तें दोन दिवस कोणीं हालविलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं एका मुलीनें ग्रंथालयांतून मूळ पुस्तक काढून त्याची प्रस्तावना वाचली. ग्रंथकारानें तेथें स्वतःच सांगितलें आहे कीं, हें लेखन १९४४ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच्या पांच महिन्यांत झालें. तिनें त्या वाक्यांतील कांहीं शब्द खोडले, कांहीं घातले, व बाजूस प्रस्तावनेचा आधार दिला. सबंध लेखांत तिचें लेखन चार ओळींहून अधिक नाहीं. शब्द मोजून गुण द्यावयाचे असते तर ती मुलगी नापास झाली असती.

त्याच प्रस्तावनेंतील आणखी एक गोष्ट तिनें वर्गास दाखविली. नेहरूंनीं तेथें आपल्याबरोबरच्या अकरा बंद्यांचे ऋण मानलें आहे, व त्यांतही मौलाना अबुल कलाम आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव व असफ अली या चौघांचीं नांवें मुद्दाम घेतलीं आहेत. कोटाच्या आंत बसून लिहिलेला ग्रंथही एकट्याच्या डोक्यांतून निघाला नाहीं, आणि लिहिणारानें तसें छापून सांगितलें, याचें मुलांस मोठें नवल वाटलें. दुसऱ्या दिवसापासून वहींत "ही माहिती अमक्याच्या आजीनें सांगितली", "हा नकाशा अमक्यानें शोधला" अशा टीपा दिसूं लागल्या. त्या लिहा असें आम्हीं सांगितलें नव्हतें.

दुसऱ्या गटांत निराळाच प्रकार झाला. एके रात्रीं अकरा वाजून चाळीस मिनिटांनीं एका मुलाच्या नांवावर सहाशें शब्द एका मिनिटांत उमटले. मनुष्याचीं बोटें इतकीं चपळ नसतात. तो मजकूर कोठल्या संकेतस्थळावरून उचलला होता, कीं २०२२ च्या अखेरीपासून जीं लिहिणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं आहेत त्यांपैकीं एखाद्याकडून लिहवून घेतला होता, याचा तपास आम्हीं केला नाहीं. सकाळीं त्यास जवळ बोलावून म्हटलें, "बाळ, यांतला दुसरा परिच्छेद आम्हांस तोंडीं समजावून सांग पाहूं." त्यास तें जमलें नाहीं. तास संपण्यापूर्वीं त्यानें तो सर्व मजकूर आपल्या हातानें पुसला, आणि चार दिवसांनीं त्या जागीं सत्तर-ऐंशी शब्द लिहिले. त्यांतला कोणताही शब्द विचारला असतां तो मुलगा उत्तर देत असे. नोंद पाहण्याची सोय नसती तर ते सहाशें शब्द छान अक्षरांत आमच्या मेजावर आले असते, आणि आम्हीं कदाचित् त्यांवर "उत्तम" असा शेराही दिला असता!

गुणांचे आम्हीं दोन भाग केले होते. निम्मे गुण सबंध लेखास, ते गटांतील सर्वांस सारखे. निम्मे ज्याच्या त्याच्या नोंदीवरून व तोंडी प्रश्नांवरून. पहिल्या भागामुळें हुशार मुलें मागें पडलेल्यांस ओढून घेतात, व दुसऱ्यामुळें कोणी नुसताच ओढला जात नाहीं. शिक्षकानें वहींत तांबडी शाई घेऊन धांवत सुटूं नये, असें आमचें मत आहे. चुकीचें वाक्य दिसलें तरी एक-दोन दिवस धीर धरावा; दुसरें कोणी मूल तें पकडतें कीं काय हें पाहावें. कोणींच पकडलें नाहीं तर समासांत "आधार कोणता?" एवढे दोन शब्द लिहावे. हा धीर धरणें आमच्या धंद्यांतील माणसांस किती जड जातें, हें शिक्षकांच्या घरच्या मंडळींस विचारावें.

यावर पालकांचा एक आक्षेप असतो, व तो न्याय्य आहे. ज्यांच्या घरीं एकच फोन आहे आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर कामावर जातो, त्या मुलांनीं काय करावें? या प्रश्नाचें उत्तर न देतां सामाईक वहीचें काम सुरू करणें म्हणजे कांहीं मुलांस दाराबाहेर उभें करणें होय. येथें आम्हांस एका जुन्या प्रयोगाचा उपयोग झाला. १९९९ सालीं सुगत मित्र यांनीं दिल्लींत कालकाजी येथें आपल्या कचेरीच्या भिंतीस भगदाड पाडून पलीकडच्या झोपडपट्टीच्या बाजूस एक संगणक बसविला. शिकविण्यास कोणी नव्हतें. मुलें जमलीं, एक जण कळा दाबी, बाकीचीं ओरडून सांगत, आणि थोड्याच दिवसांत तीं तें यंत्र चालवूं लागलीं. या प्रयोगाचा पुढें फार बोलबाला झाला. २०१३ सालीं मित्र यांस दहा लक्ष डॉलरांचें टेड पारितोषिकही मिळालें. टीकाकारांनीं मात्र असें दाखविलें आहे कीं, अशा उघड्या यंत्राभोंवतीं दांडगे मुलगे पुढें घुसतात, मुली मागें राहतात, आणि खेळांतच बराचसा वेळ जातो. आम्हीं त्या प्रयोगांतून एक गोष्ट घेतली व एक सोडली. पांच मुलांस एकच संगणक दिला असतां तीं परस्परांस शिकवितात, ही घेतली. मोठ्या माणसानें तेथें फिरकूं नये, ही सोडली.

आमच्या संगणकाच्या खोलींत आठवड्यांतून एकदां शेवटचे दोन तास वहीचें काम चालतें. एका यंत्राभोंवतीं पांच मुलें बसतात. कळफलक दर दहा मिनिटांनीं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जातो, आणि ज्याच्या घरीं फोन नाहीं त्याची पाळी पहिली असते. शिवाय घरीं कागदावर लिहून आणिलेली चिठ्ठी दुसऱ्यानें वहींत उतरावी, व खालीं चिठ्ठी लिहिणाराचें नांव घालावें, असा नियम आहे. वर उल्लेखिलेल्या मुलीनें आपली दुरुस्ती अशाच चिठ्ठीनें केली. तिच्या घरीं फोन नाहीं.

हें सर्व मोठ्या शहरांतील श्रीमंत शाळांस साधतें, असेंही कोणी म्हणेल. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक असतांना रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत छापील चौकटी घालून त्या फोननें वाचल्या असतां कविता व पाठ ऐकूं यावेत अशी योजना केली, व इतर देशांतील शाळांशीं आपल्या विद्यार्थ्यांचें संभाषण घडवून आणिलें. त्यांस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनीं बक्षिसाची अर्धी रक्कम शेवटच्या फेरींतील उरलेल्या नऊ शिक्षकांस वांटून दिली.

आतां त्या सायंकाळच्या मंडळाविषयीं. मुलांच्या स्वतःच्या मंडळांत शिक्षकानें शिरूं नये. मुलें जेथें आपापसांत बोलतात तेथें आम्ही जाऊन बसलों तर तीं दुसरें मंडळ काढतील, आणि तें आम्हांस कधींच कळणार नाहीं. वर्गाच्या कामाकरितां मात्र निराळें मंडळ असावें. त्यांत शिक्षकांबरोबर आणखी एक शिक्षक व पालकांपैकीं दोघे-तिघे असावे, आणि रात्रीं आठानंतर तेथें कांहीं पाठवूं नये. शिक्षकानें एकट्या विद्यार्थ्याशीं किंवा विद्यार्थिनीशीं खाजगी निरोपांनीं बोलणें टाळावें. सांगावयाचें तें मंडळावर किंवा पालकांच्या देखत सांगावें. यांत कोणाविषयीं संशय नाहीं. मुलांचें व शिक्षकांचें, दोघांचेंही यानें रक्षण होतें.

कायद्याची बाजूही पालकांनीं लक्षांत ठेवावी. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम व फेसबुक यांच्या अटींप्रमाणें भारतांत १३ वर्षांखालील मुलानें स्वतःचें खातें उघडूं नये. २०२३ सालीं भारताच्या संसदेनें जो डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, त्यांत १८ वर्षांखालील सर्वांस बालक मानून त्यांच्या माहितीचा उपयोग करण्यास आईबापांची संमति आवश्यक ठरविली आहे. ऑस्ट्रेलियांत १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास मनाई झाली आहे. ती योग्य कीं अयोग्य याविषयीं विद्वानांत दुमत आहे. आम्हांस एवढें वाटतें कीं, वयाची मर्यादा घालून मूल बाहेर ठेविलें तरी सोळावें वर्ष लागतांच तें आंत जाणारच, आणि त्या दिवशीं त्यास हात ओळखण्याची संवय असावी लागेल.

येथें एक गैरसमज होऊं नये. हात दिसावा असें आम्ही म्हणतों तें वर्गास, शिक्षकांस व घरच्यांस दिसावा अशा अर्थानें. सबंध जगापुढें मुलानें आपलें पूर्ण नांव, शाळा, घराचा पत्ता किंवा छायाचित्र मांडावें, असें आम्ही कधींही सुचविणार नाहीं. विकिपीडियावरही पुष्कळ जाणते लेखक टोपणनांवानेंच लिहितात. टोपणनांव एकच असेल तर त्या नांवाचा हात बरा कीं वाईट हें नोंदीवरून कळतेंच.

विद्यार्थिमित्रहो, मंडळावर कोणाची थट्टा चालली असतां तुम्हांपैकीं बहुतेक जण कांहीं लिहीत नाहीं, फक्त पाहतां, हें आम्हांस ठाऊक आहे. ज्याची थट्टा होते त्यास मात्र पाहणारे चाळीस डोळे दिसत असतात. अशा वेळीं मंडळावर भांडूं नका. जें दिसतें त्याचें चित्र जपून ठेवा, त्या मुलाशीं निराळें बोला, आणि घरच्या किंवा शाळेंतल्या एका मोठ्या माणसास दाखवा. कोणी अनोळखी मनुष्य छायाचित्रें मागत असेल, धमकी देत असेल, तर लाज धरून बसूं नका. १०९८ या क्रमांकावर मुलांस दिवसरात्र विनामूल्य मदत मागतां येते. यंत्र काढून घेतलें जाईल या भीतीनें मुलें पुष्कळदां गप्प बसतात. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलानें आपण होऊन असें कांहीं सांगितलें तर त्या दिवशीं तरी फोन हिसकावूं नये.

किल्ल्याची वही या वर्षींच्या नववीच्या हातीं दिली आहे. तींत एक जागा अजून रिकामी आहे. १९४२ च्या ऑगस्टांत किल्ल्याच्या आंत कोण आहे हें शहरांतल्या लोकांस केव्हां व कसें कळलें, याविषयीं मुलांस पुस्तकांत फारसें कांहीं सांपडलेलें नाहीं. ज्यांच्या घरीं त्या काळच्या गोष्टी आजोबा-पणजोबांकडून ऐकलेल्या असतील, त्यांनीं मुलाबरोबर एक चिठ्ठी पाठवावी. कोणीं सांगितलें, तें स्वतः पाहिलें होतें कीं ऐकलें होतें, आणि ऐकलें असल्यास कोणाकडून, एवढें चिठ्ठीच्या खालीं लिहावें.